पाणी वरचं नव्हतं

टेकायचं तर खुशाल टेका, पण टेकल्या टेकल्या माझं थोडं ऐकूनही घ्या. मी खांब बोलतोय. कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला लागून, खाली दुकानं आणि वर घरं असलेली जी जुनी बिल्डिंग आहे ना, तिच्या मागच्या कोपऱ्यातला मी. पाय जमिनीत, डोकं गच्चीखाली आणि मधल्या सगळ्या मजल्यांचा भार अंगावर. खांबाला कधी कुणी ‘बस जरा’ म्हटलंय? नाही. मीही ती अपेक्षा कधीच सोडून दिली. फक्त एका गोष्टीवरून या बिल्डिंगमधल्या एका बाईचं राहतं घर सुटलं, आणि ती गोष्ट सगळ्यात आधी मला माहीत होती. ती तेवढी सांगतो आणि गप्प बसतो. म्हणजे उभाच राहतो, पण गप्प.

माझा जन्म भर उन्हाळ्यातला. आधी सळ्या बांधल्या, भोवती फळ्या ठोकल्या आणि वरून काँक्रीट ओतून ते सळईने खोचून खोचून बसवलं. फळ्या काढल्यावर अंगाभोवती गोणपाट गुंडाळलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला एक बाई ठेवली. ती फार बडबडी होती. पाणी मारता मारता मला म्हणायची, ‘पी बाबा, पी, पुढं कोण विचारणार हाय तुला?’ अगदी खरं बोलली ती. पुढे प्लास्टर झालं, रंग झाला, लोक राहायला आले आणि मी आहे हेच सगळे विसरून गेले.

विसरले म्हणजे वापरलं नाही असं नाही हं! माझ्या अंगात खिळे ठोकले, कॅलेंडरं टांगली, वायरी नेल्या. माणसं फोनवर बोलताना माझा रंग नखाने खरवडतात, हे तुम्हाला माहीत आहे का? वाईट बातमी असली की जास्तच. मी काही म्हणत नाही.

पहिल्या मजल्यावर माझ्या अंगाला लागून शकुबाईंची खाट. शकुबाई साताऱ्याकडच्या. मालक मार्केटात माथाडी होते, ते गेले, आणि आता मुलगा पोपट तुर्भ्याच्या कारखान्यात आहे. दुसऱ्या मजल्यावर, बरोब्बर शकुबाईंच्या डोक्यावर, चारुलताबाई. मूळच्या देवरुखच्या, पोस्टातून रिटायर झालेल्या. मुलगा अभिराम पुण्याला. तो सारखा म्हणायचा, ‘आई, तू इकडे ये, ते घर विकून टाकू.’ त्या म्हणायच्या, ‘माझे हातपाय चालतायत तोवर मी माझ्या घरात. मग बघू.’ या घराचा एकेक हप्ता त्यांनी एकटीच्या पगारातून फेडलेला होता, आणि त्यांना इथेच राहायचं होतं. मला वाटतं त्यांना दुसरं काहीच नको होतं.

दुपारी जेवणं आटोपली की चारुताई खाली यायच्या. दोघी माझ्याशी बसून मेथी निवडायच्या, नाहीतर टीव्हीवरच्या सुनांची उणीदुणी काढायच्या. एक माझ्या या अंगाला टेकायची, एक त्या अंगाला. एकीने ‘अहो शकुताई’ म्हणायचं, दुसरीने ‘व्हय वं चारुताई’. जन्मभर ओझं वाहिलं, पण त्या दोघींच्या पाठीचा भार मला कधी भार वाटला नाही, हे आपलं स्पष्टच सांगतो.

आता तळमजल्याचं ऐका. तिथे आधी किराणा होता, मग झेरॉक्सवाला आला, आणि गेल्या वर्षी गावातला कुंदन आला. कुंदन आगरी, दिलदार गडी, बोलायला तिखट. त्याने फ्रोजन मासळी आणि चिकनचं दुकान टाकलं आणि मागच्या बाजूला गोठवणारी खोली बांधून घेतली. भिंतींना, छताला, जमिनीला जाडजूड फोमच्या फळ्या. त्या खोलीच्या एका कोपऱ्यात मी आलो. फळ्या लावणाऱ्यांनी त्या माझ्या अंगापर्यंत आणून कापल्या, फटीत काहीतरी भरलं आणि निघून गेले. मी तसाच उघडा, थेट बर्फात.

मशीन सुरू झालं आणि माझ्या अंगात काय झालं ते कसं सांगू? कढत आमटीत स्टीलचा डाव ठेवला की थोड्या वेळाने त्याचा दांडाही चटका देतो ना? उष्णता ही अशी असते, तिला वाट मिळाली की ती गरम जागेकडून थंड जागेकडे पळते. फोममधून तिला वाट नव्हती. माझं काँक्रीट आणि माझ्या सळ्या मात्र तिला मोकळा रस्ता. शकुबाईंच्या खोलीतली उष्णता माझ्यातून खाली कुंदनच्या बर्फात उतरायला लागली, आणि त्यांच्या खोलीत जमिनीलगतचा माझा भाग, म्हणजे त्यांच्या लेखी माझे पाय, गार पडले.

सुरुवातीला मी नुसता गार होतो, घाम फुटण्याइतका गारठलो नव्हतो, आणि मे महिन्यात याचं केवढं कौतुक झालं म्हणता! शकुबाई पाठ लावून बसायच्या आणि म्हणायच्या, ‘चारुताई, हितं टेका. देवानं फुकटचा एसी दिलाय बगा.’ दोघी मला दोन्ही बाजूंनी चिकटून बसायच्या. कशाने गार लागतंय, हे मात्र कुणी विचारलं नाही. सुखाची चौकशी माणसं करत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत पुरतं ओळखलंय.

मग पावसाळा लागला. हवा दमट झाली आणि मला घाम फुटला. आधी नुसतं ओलसर, मग थेंब, मग खाटेखाली ओघळ. शकुबाईंच्या गोधड्यांना काळी बुरशी आली, खाटेचा पाय फुगला, त्यांना खोकला लागला. पोपट वाकून बघायचा, बोट लावायचा आणि वर बघायचा.

या वर बघण्यातच सगळा घोळ आहे. सोसायटीतल्या माणसाला ओल दिसली की त्याची मान आपोआप वर जाते. वरच्याची मोरी, वरच्याचा संडास, वरच्याचा नळ. लीकेज म्हणजे वरचा, हे ठरलेलं. अहो, पण माझे पाय ओले आणि मान कोरडी ठणठणीत! वरून येणारं पाणी मानेला चुकवून पायाशी कसं येईल? एवढं साधं कुणाच्या डोक्यात येईना. सेक्रेटरी मधुकरराव तर म्हणाले, ‘खांबाच्या आतून उतरतं ते. आतल्या आत. आणि पायाशी फुटतं.’ माझ्या आत काय आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत!

मग मधुकररावांनी नीळ आणायला सांगितली. आमच्या सोसायटीत लीकेज पकडायची हीच पद्धत. वरच्या मोरीची जाळी फडक्याने बंद करायची, मोरीत पाणी तुंबवायचं, त्यात नीळ कालवायची आणि खाली येऊन निळं पाणी उतरायची वाट बघायची. चारुताईंनी स्वतःच्या हाताने नीळ कालवली. सगळे शकुबाईंच्या खोलीत माझ्या पायाशी बसले. चहा झाला, दुसऱ्यांदा चहा झाला. मी आपला घामेजलेला, आणि माझं पाणी स्वच्छ, पांढरं.

पोपट म्हणाला, ‘काका, हे तर साधंच पाणी आहे.’

‘अरे, नीळ सिमेंटमध्ये गाळली जाते,’ मधुकरराव म्हणाले. ‘रंग वर राहतो, पाणी खाली येतं.’

‘मग नीळ घातली कशाला?’

‘कन्फर्म करायला.’

हसावं की रडावं? मला दोन्ही येत नाही.

कन्फर्म झालं म्हणताच चारुताईंची मोरी फोडायचं ठरलं. त्या काहीच भांडल्या नाहीत. शकुताईंना त्रास होतोय, एवढंच म्हणाल्या. घण पडले ते माझ्या अंगावरही बसले. चांगल्या धडधाकट लाद्या उखडल्या, खाली काळा डांबरासारखा थर दिला, नव्या लाद्या बसवल्या. ते काम चालू असेपर्यंत चारुताई अंघोळीला तिसऱ्या मजल्यावर जायच्या. खाली शकुबाईंकडे आल्या नाहीत. शकुबाईंनी ‘या’ म्हटलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. दुपारची मेथीही बंद झाली.

काम उरकलं आणि गटारी आली. कुंदनच्या दुकानासमोर रांग लागली, गोठवलेलं सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी श्रावण. कुंदनने मशीन बंद केलं, खोलीचं दार सताड उघडं टाकलं. शेजारच्याला म्हणाला, ‘आता गनपती जाईपर्यंत कोन खातंय? आमच्या घरात पन शिजत नाय. फुकट मशीन कशाला फिरवू?’

झालं! मी खालून ऊबदार झालो. घाम थांबला. काही दिवसांत माझे पाय खडखडीत वाळले, आणि अख्ख्या बिल्डिंगने चारुताईंच्या मोरीकडे बोट दाखवलं. ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ मधुकररावांना तर भेटेल त्याला हेच सांगायचं होतं. श्रावणाचा आणि माझ्या वाळण्याचा काही संबंध असेल, असं कुणाला वाटणार? मासे न खाल्ल्याने खांब वाळतो, असं कुणी बोललं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

चारुताईंनाही ते पटलं, याचंच मला फार वाईट वाटतं. नारळीभाताचा डबा घेऊन त्या खाली आल्या. ‘शकुताई, चुकलं हो माझं,’ म्हणाल्या. ‘माझ्याच मोरीचं निघालं. तुमच्या गोधड्या गेल्या, तब्येत बिघडली. मनात ठेवू नका.’

शकुबाई म्हणाल्या, ‘जाऊ द्या वं. झालं गेलं. बसा, टेका.’

दोघी पुन्हा टेकल्या. चारुताई डोळे पुसत होत्या. मी त्यांच्या पाठीशी उभा होतो आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाई, तू काही केलेलं नाहीस. पण काँक्रीटला कुठला आवाज?

गणपती गेले. कुंदनने मशीन लावलं. त्यातून ती ऑक्टोबरची चिकट हवा. मी पुन्हा घामाघूम! आणि या वेळी लोकांचं पित्त खवळलं, कारण त्यांना फसवल्यासारखं वाटलं. पोपट दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. ‘काकू, थातूरमातूर काम केलंत ना? आई खोकून खोकून अर्धी झालीये!’ मधुकररावांनी शकुबाईंच्याच खोलीत मीटिंग बोलावली. ठराव असा की मोरी पुन्हा फोडायची, सोबत संडासही फोडायचा आणि तोवर चारुताईंच्या घरचं पाणी बंद ठेवायचं.

चारुताई माझ्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांना सोडून फक्त शकुबाईंकडे बघितलं. ‘शकुताई, तुम्ही तरी सांगा. मी पाणी किती जपून वापरते ते तुम्ही बघताय. माझ्या हातून थेंबसुद्धा सांडत नाही हो आता.’

शकुबाईंनी माझ्या पायाशी साचलेल्या पाण्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘पानी काय खोटं बोलतंय व्हय, चारुताई?’

बस. तेवढंच. चारुताईंनी माझ्या अंगावर हात ठेवला होता तो काढून घेतला आणि वर निघून गेल्या. संध्याकाळी अभिरामला फोन केला, ‘ये आणि मला घेऊन जा.’ दिवाळी त्यांनी इथे केली नाही. निघताना नळाचा मेन कॉक बंद केला, दोनदा ओढून बघितला आणि मग कुलूप लावलं. संक्रांतीच्या सुमाराला घर विकलं गेलं. घेणारे अजून राहायला आलेले नाहीत, कुलूपच आहे.

हिवाळ्यात हवा कोरडी पडली तसा माझा घामही कमी झाला. पुन्हा सगळ्यांचं समाधान! ‘वरचं बंद झालं, खालचं सुकलं.’ शकुबाई मात्र दुपारी एकट्याच मेथी निवडायच्या, आणि निवडून झाली तरी तशाच बसून राहायच्या.

शिमगा झाला, हवा पुन्हा दमट झाली, आणि मी पुन्हा ओला. वर कुलूप. कॉक बंद. घरात चिटपाखरू नाही. आता कुणाकडे बोट दाखवणार? शकुबाईंनी पोपटला वर पाठवलं, घेणाऱ्यांकडून चावी आणवली. पोपट खाली आला तो मान खाली घालूनच. ‘आई, वर सगळं कोरडं आहे. नळाला गंज आलाय.’

त्याच दिवसांत खाली कुंदनचं मशीन कुरकुरायला लागलं. थांबतच नव्हतं. त्याने कंपनीला फोन केला आणि एक इंजिनिअर मुलगी आली, मनाली नावाची. आत आली, जाड जाकीट चढवलं आणि सरळ माझ्याकडे आली. माझ्या अंगावर खाली चांगलं बोटभर बर्फ चढलं होतं, ते तिने खरवडलं.

‘हा खांब असाच उघडा ठेवलाय?’

कुंदन म्हणाला, ‘खांबाला काय थंडी वाजते काय, मॅडम?’

‘त्याला नाही वाजत. पण चारी बाजूंनी फोम लावून तुम्ही मधे हा पूल सोडलाय. वरची सगळी गरमी याच्यातून खाली येतेय, आणि तुमचं मशीन रात्रंदिवस तिच्याशी झगडतंय. वर कोण राहतं?’

‘आजी हाय एक. का?’

‘तिच्याकडे हा खांब ओला असणार.’

असणार! ही मुलगी वर न जाताच सांगत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावरून सरळ विचार केला. मला भरून आलं म्हणालो तर तुम्हाला खोटं वाटेल.

मनाली वर आली. माझ्या पायाला हात लावला, मग स्टुलावर चढून मानेला लावला. ‘आजी, वरून पाणी येत असतं तर वरचा भाग कोरडा कसा राहिला असता?’

शकुबाई वर बघायला लागल्या. ‘मग कुठलं गं पोरी हे पानी?’

‘फ्रिजमधून बाटली काढली की तिला बाहेरून पाणी सुटतं ना, तसं आहे हे. खांब खालून गार होतो, आणि हवेतली वाफ त्याच्यावर बसते.’

‘कुठल्या हवेतली?’

‘याच खोलीतल्या. भाताची वाफ, ओले कपडे, आपला श्वास. हे पाणी तुमच्याच घरातलं आहे, आजी.’

शकुबाई खाटेवर बसल्या. मनालीला वाटलं आजींना समजलं नाही. ती पुन्हा समजावून सांगायला लागली. शकुबाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

मग मला गुंडाळलं. खालच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फोमच्या जाड फळ्या, सांध्यांना चिकटपट्टी, फटीत फुगून घट्ट होणारा फेस. मनाली जातीने उभी होती. माणसं मला तेवढं झाकून निघाली, तर ओरडली, ‘वरचे बीमही घ्या, छताच्या खालूनही घ्या! नाहीतर गरमी वळसा घालून येईल.’ तेही केलं. कुंदनचं मशीन आता मधून मधून थांबतं, आणि मला प्रथमच जरा स्वस्थ वाटतं. वर शकुबाईंच्या खोलीत माझे पाय कोमट आहेत. कोरडे आहेत. शकुबाईंचा खोकलाही गेला. मधुकररावांनी नोटीस बोर्डावर एक चिठ्ठी लावली, ‘लीकेजचा प्रश्न सुटला’. कुणाचं लीकेज, कसला प्रश्न, काही नाही. चारुताईंचं नाव तर नाहीच.

एवढ्याने संपलं असतं तर मी तुम्हाला थांबवलंच नसतं. पण आज दुपारी शकुबाईंनी फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून त्या स्पीकर लावतात, त्यामुळे मलाही ऐकू येतं. चारुताई गेल्यापासूनचा हा पहिलाच फोन.

‘शकुताई? अगंबाई! कशा आहात? खोकला?’

‘गेला.’

‘आणि तो खांब?’

‘कोरडा हाय.’

‘अगदी कोरडा?’

‘व्हय. खडखडीत.’

‘सुटले बाई!’ चारुताई हसल्या. किती दिवसांनी मी ते हसणं ऐकलं. ‘अभिरामला मी तेच म्हटलं, की माझं घर गेलं ते गेलं, पण निदान शकुताईंचं घर तरी सुकलं असेल. उगाच नाही गेलं मग. आता इथे मी फार जपते हो. मोठा प्लास्टिकचा टब आणलाय. त्यातच उभी राहून अंघोळ करते आणि टब गॅलरीत नेऊन रिकामा करते. सूनबाई रागावते, कंबर दुखते, पण काय करणार? खाली माणसं राहतात ना.’

शकुबाईंनी पदराचा बोळा तोंडाला लावला आणि दुसऱ्या हाताने मला घट्ट धरलं. चारुताईंना आता खरं सांगायचं, म्हणजे त्यांचं घर फुकट गेलं असं सांगायचं. आणि नाही सांगायचं, म्हणजे त्या म्हाताऱ्या बाईने उरलेला जन्म टबात उभं राहून काढायचा. मला दोन्ही दिसतंय. मी खांब आहे, मला ओझी कळतात.

‘हॅलो? शकुताई? आवाज येतोय ना?’

येतोय हो, येतोय. शकुबाई, माझं ऐका. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. घर तर आता परत येत नाही. रागावली तर रागावू दे, फोन आपटला तर आपटू दे, तुमच्याशी जन्मात बोलली नाही तरी चालेल. पण सांगा तिला. पाणी तुझं नव्हतं म्हणावं. तो टब टाकून दे म्हणावं.